देव आपल्यात राहतो, ते रोजच्या दिवसात जगायचं कसं

पुष्कळ विश्वासणाऱ्यांची प्रार्थना ‘प्रभू, ये’ अशी सुरू होते आणि मग दिवसभर तो आला की नाही, याची चाचपणी चालते. बायबलमधल्या नव्या कराराची शिकवण दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. जो ख्रिस्ताचा आहे, त्याच्यात देवाचा आत्मा आधीच वस्तीला आहे (रोमकरांस ८:९). त्यामुळे इथे दिलेला सराव देवाला आत आणण्यासाठी नाही. जो घरात आहे, त्याच्याबरोबर राहायची सवय लागावी म्हणून तो आहे. एवढं मनात पक्कं बसलं नाही, तर पुढची प्रत्येक पायरी दमवते.

ही वस्ती नेमकी कधी सुरू होते, याबद्दल ख्रिस्ती परंपरांचं एकमत नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या ती बाप्तिस्म्याशी जोडतात, पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्या विश्वास ठेवल्याच्या क्षणाशी. बहुतेक पेंटेकोस्टल मंडळ्या आत्म्याची वस्ती आणि आत्म्याचा बाप्तिस्मा (आत्म्याच्या सामर्थ्याने भरून जाण्याचा अनुभव) या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. सराव मात्र सगळ्यांना सारखाच उपयोगी पडतो.

पहिला आठवडा वाचनाचा

आधी सात दिवस फक्त वाचा, रोज पंधरा मिनिटं. उतारा मोठ्याने दोनदा वाचायचा आणि वहीत एकच ओळ लिहायची: इथे देव कुठे राहतो, कोणाबरोबर? क्रम असा ठेवा: निर्गम २५:८ आणि ४०:३४-३८, १ राजे ८:१०-३०, यहेज्केल १० आणि ३६:२६-२७, योहान १:१-१४, योहान १४:१५-२३, योहान १५:१-१०, शेवटी १ करिंथकरांस ३:१६-१७, ६:१९-२० आणि इफिसकरांस २:१९-२२.

क्रम मोडू नका. थेट योहानापासून सुरुवात केली, तर देवाची राहायची जागा बदलत कशी आली, ते हातून निसटतं. आधी रानातला तंबू, मग शलमोनाचं मंदिर, मग यहेज्केल संदेष्ट्याने पाहिलेलं देवाचं तेज, मंदिर सोडून निघालेलं. त्यानंतर योहान १:१४ मध्ये शब्द, म्हणजे ख्रिस्त, देह झाला आणि आपल्यामध्ये राहिला. तिथलं ग्रीक क्रियापद तंबू ठोकून राहण्याचं आहे. आणि शेवटी माणसंच मंदिर होतात. शलमोनाने मंदिर बांधून झाल्यावर विचारलं होतं की, स्वर्गातही न मावणारा देव या घरात कसा मावेल (१ राजे ८:२७). हा प्रश्न वहीत ठळक लिहून ठेवा. देव माणसात राहतो, म्हणजे तो माणसापुरता उरतो, असं नव्हे.

योहान १४ वर जरा जास्त थांबा. सोळाव्या-सतराव्या वचनात आत्मा येतो, विसाव्यात येशू म्हणतो मी तुमच्यामध्ये, आणि तेविसाव्यात पिता आणि पुत्र दोघंही वस्ती करायला येतात. पूर्ण त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, आठ वचनांत घरी आलेलं आहे. तेविसाव्या वचनात ‘वस्ती’साठी आलेला ग्रीक शब्द ‘मोने’ नव्या करारात फक्त दोनदा येतो. दुसरी जागा याच अध्यायाचं दुसरं वचन, पित्याच्या घरातल्या राहण्याच्या जागांचं. येशू आपल्यासाठी तिकडे जागा तयार करतो आणि इकडे आपल्यात जागा करून राहतो. दोन्हीकडे शब्द तोच, हे लक्षात आल्यावर हा अध्याय पहिल्यासारखा वाचताच येत नाही.

पुढचा अध्याय द्राक्षवेलीचा. १५:४-१० एवढ्या सात वचनांत ‘राहणे’ हे ग्रीक क्रियापद १० वेळा येतं. पेन्सिलने प्रत्येकाखाली रेघ मारा. फांदीकडून ‘जोर लावून फळ आण’ अशी मागणी त्यात कुठेही नाही. आज्ञा आहे ती राहण्याची.

दुसऱ्या आठवड्यापासून रोजचा क्रम

सकाळी दहा मिनिटं. उठल्यावर फोन हातात घेण्याआधी एका जागी ताठ पण सैल बसा. पहिली दोन मिनिटं काहीच मागू नका. फक्त म्हणा, ‘तू इथे आहेस, मीही इथे आहे.’ मग पाच मिनिटं इफिसकरांस ३:१६-१९ सावकाश, एकेका वाक्यावर थांबत वाचा. सतराव्या वचनात ख्रिस्ताने अंतःकरणात राहावं, यासाठी प्रेषित पौल जो शब्द वापरतो, तो चार दिवसांच्या पाहुण्याचा नाही, कायमचं बिऱ्हाड थाटणाऱ्याचा आहे. उरलेली तीन मिनिटं आजच्या कामांची. एकेक काम नाव घेऊन सांगा: अकराची बैठक, आईचं औषध, अडलेला हिशेब. मोघम ‘माझा दिवस आशीर्वादित कर’ यावर थांबू नका. घरातल्या माणसाशी आपण मोघम बोलत नाही.

दिवसभरात एक छोटी प्रार्थना, फार तर आठ-दहा शब्दांची. पौल सांगतो तशी ‘अब्बा, बापा’ (रोमकरांस ८:१५) चालेल, किंवा पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांची जुनी ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’. एकच निवडा आणि महिनाभर बदलू नका. ती तीन ठरलेल्या क्षणांना बांधा: दार उघडताना, हात धुताना, फोन उचलण्याआधी. वेळ मोकळी ठेवली की विसर पडतोच. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक बंधू स्वयंपाकघरात राबत असत. भांड्यांच्या गडबडीत देवाशी बोलत राहणं हीच त्यांची साधना होती, आणि ती रुळायला त्यांना वर्षं लागली. तेव्हा पहिल्या आठवड्यात दिवसाला एकदा आठवलं तरी पुरे.

रात्री पंधरा मिनिटं. येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक इग्नाशियस लोयोला (१४९१-१५५६) यांनी शिकवलेल्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे इथे चपखल बसतात: आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमेची याचना, उद्याचा निश्चय. यात उजळणीला निम्मा वेळ द्या. दिवसातला एकच प्रसंग घ्या आणि तो जवळून पाहा. समजा, दुपारी कोणाला तरी रागाने उत्तर टाईप केलंत. चार ओळी लिहून झाल्या, अंगठा ‘पाठवा’वर आला आणि क्षणभर थबकला. ते थबकणं आठवा. तुम्ही थांबलात की रेटून पाठवलंत? थबकण्याआधी छातीत काय झालं, पाठवल्यावर काय उरलं? इफिसकरांस ४:३० मध्ये पवित्र आत्म्याला खिन्न करू नका, असं म्हटलंय, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे विषय आहेत ते कुजकं बोलणं, कटुता, क्रोध, ओरडा आणि निंदा. म्हणून उजळणी जिभेपासून, आणि आता अंगठ्यापासून, सुरू करा.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त लोक भावनेवर अडकतात. अंगावर शहारा आला, डोळे भरले, तर देव आत. कोरडं वाटलं, तर तो गेला. योहान १४:१६ मधलं वचन ‘सदासर्वदा’चं आहे, वाटण्याचं नाही. कोरड्या दिवसांत वेळ वाढवू नका, कमीही करू नका. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. शब्दच फुटत नसतील तर रोमकरांस ८:२६ उघडून गप्प बसा. आपल्या दुर्बलतेत आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, असं तिथे लिहिलंय.

दुसरी अडचण पापानंतरची. माणूस पडतो आणि लाजेने प्रार्थनाच बंद करतो. ‘खिन्न करणे’ हा नात्यातला शब्द आहे. ज्याचं प्रेम आहे, तोच खिन्न होतो. आणि त्याच वचनात आत्म्याचा शिक्का तारणाच्या दिवसापर्यंतचा आहे, असंही म्हटलंय. लपून न बसता त्याच दिवशी कबूल करा, ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जा. तुमच्या मंडळीत पापांगीकाराचा संस्कार असेल तर पुढे न ढकलता तो घ्या.

तिसरा घोटाळा मराठी वाचकाच्या बाबतीत सहज होतो. ‘देव आत आहे’ हे ऐकताच मन ‘म्हणजे मीच देव’ इथवर पोचतं. ख्रिस्ती शिकवण तसं म्हणत नाही. राहणारा आणि ज्याच्यात तो राहतो तो, हे दोघं शेवटपर्यंत दोघंच राहतात, आणि म्हणूनच त्यांच्यात बोलणं होतं, प्रेम होतं.

आणखी एक धोका फार सांभाळायचा: मनात उठलेला प्रत्येक आवाज देवाचा मानणं. १ योहान ४:१ आत्म्यांची परीक्षा करायला सांगतं. परीक्षा चार प्रश्नांची. हे शास्त्राशी जुळतं का? ख्रिस्ताच्या स्वभावाशी जुळतं का? दोन जाणत्या, तुमची हांजी हांजी न करणाऱ्या विश्वासणाऱ्यांना ते पटतं का? आणि त्यातून गलतीकरांस ५:२२-२३ मधलं नऊ पदरी फळ येतं की भीती आणि घाई? ‘देवाने मला सांगितलंय की तू पैसे दे’ किंवा ‘माझ्याशी लग्न कर’ असं कोणी म्हणालं, तर ‘नाही’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. स्वतःला इजा करायला किंवा औषध बंद करायला सांगणारे आवाज ऐकू येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. प्रार्थना बरोबर चालू राहू द्या.

एकट्याने पुरत नाही

आपल्या भाषेत ‘तुम्ही’ आदराने एकालाही म्हणतात. त्यामुळे ‘तुम्ही देवाचे मंदिर आहात’ हे १ करिंथकरांस ३:१६ वाचताना प्रत्येकजण ते स्वतःपुरतं घेतो. मूळ ग्रीकमध्ये ते अनेकवचन आहे. पौल भांडणाऱ्या, तट पडलेल्या मंडळीला सांगतोय की तुम्ही सगळे मिळून एक मंदिर आहात, आणि मंदिर मोडणाऱ्याला पुढच्याच वचनात इशारा देतोय. शरीराबद्दलचं वचन वेगळं, ते ६:१९ मध्ये येतं. तिथे प्रत्येकाचा देह पवित्र आत्म्याचं मंदिर म्हटलाय. झोप, खाणं, व्यसन, लैंगिक वागणूक हे सगळं त्यात येतं. देहाचा छळ करणं हा त्या वचनाचा अर्थ नव्हे; मंदिराची निगा राखतात.

म्हणून आठवड्यातून एकदा तीन ते पाच जणांनी तासभर जमावं. पहिली वीस मिनिटं वाचन आणि शांतता, पुढची तीस मिनिटं प्रत्येकाने आठवड्यातला एक प्रसंग सांगायचा. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं. गटातल्या दोघांचं बिनसलं असेल तर ते आधी मिटवा, मग प्रार्थनेला बसा. देव आपल्यात राहतो याची खूण १ योहान ४:१२ एकमेकांवरच्या प्रीतीत दाखवतं. शेवटच्या दहा मिनिटांत एकाने इफिसकरांस ३:१४-२१ मोठ्याने वाचावं, आणि जिथे ‘तुमच्या अंतःकरणात’ येईल तिथे सगळ्यांनी मिळून ‘आमच्या अंतःकरणात’ म्हणावं.