जिल्ह्यात पर्यटकांसाठी दिशाफलक लावायचे तर सुरुवात कुठून करायची? (सिंधुदुर्गाचं उदाहरण घेऊन)

सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तरी आजही सीझनला कुठल्याही तिठ्यावर थोडा वेळ उभे राहा, पुणे नाहीतर कोल्हापूर पासिंगची एक तरी गाडी काच खाली करून "दादा, तारकर्ली इकडूनच ना?" विचारतेच. बोर्ड नाहीत असं नाही हो, बोर्ड ढिगानं आहेत, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, सगळी गडबड तिथं आहे. ग्रामपंचायतीत, होमस्टेवाल्यांच्या ग्रुपमध्ये किंवा नियोजनच्या बैठकीत हा विषय निघाला तर कुठून सुरुवात करायची ते लिहितोय.

आधी नेहमीचा प्रश्न, गूगल मॅप असताना बोर्ड कशाला? तर घाटात आणि वाड्यांमधे रेंज जाते हे एक, आणि दुसरं म्हणजे मॅपला गाडीची रुंदी कळत नाही, तो दोन गडग्यांमधल्या, म्हणजे दगडी कुंपणांमधल्या पाणंदीतून टेम्पो ट्रॅव्हलर घालायला सांगतो आणि मग अर्धा किलोमीटर रिव्हर्स. देवबाग आणि भोगवे कर्लीच्या खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, होडीनं जवळ, पण गाडीला पुलापर्यंत मागं जाऊन मोठा वळसा आहे. भोगव्यात खोली बुक केलेला माणूस "समोरच तर दिसतंय" म्हणत देवबागच्या टोकाला येऊन उभा राहिला तर त्याला मालवणातच "भोगवे, रस्त्याने परुळेमार्गे" असा बोर्ड दिसायला हवा होता, टोकावर लावून काय उपयोग.

पहिलं काम नावांचं, आणि हे सगळ्यात किचकट आहे. नुसतं "सिंधुदुर्ग" असं बोर्डावर कधीच लिहू नका, कारण सिंधुदुर्ग म्हणजे मालवणच्या समुद्रातला किल्ला, सिंधुदुर्ग म्हणजे ओरोसचं रेल्वे स्टेशन, सिंधुदुर्गनगरी म्हणजे ओरोसलाच जिल्ह्याचं मुख्यालय, आणि २०२१ ला सुरू झालेला सिंधुदुर्ग विमानतळ आहे तिकडं चिपीला. किल्ला बघायला निघालेलं कुटुंब बाण बघून कलेक्टर ऑफिसच्या दारात पोचलं तर चूक त्यांची नाही. "सिंधुदुर्ग किल्ला, मालवण जेट्टी", "चिपी विमानतळ" असं पूर्ण लिहा. तसंच निवतीचं, किल्ले निवती वेगळी आणि निवती मेढा वेगळं, नुसतं "निवती" लिहिलं की निम्मे लोक भलत्याच किनाऱ्यावर. एकदा नाव आणि स्पेलिंग ठरलं, मराठीत आणि इंग्रजीत, की पूर्ण जिल्ह्यात तेच, एका बोर्डावर व्ही आणि पुढच्यावर डब्ल्यू असला प्रकार नको.

मग नकाशा घ्या, मोठा छापून भिंतीवर लावला तर बेस्ट. आपला जिल्हा समजायला सोपाय, मुंबई-गोवा हायवे, म्हणजे आताचा ६६ नंबर, खारेपाटणपासून बांद्यापर्यंत उभा जातो, समुद्र त्याला समांतर पश्चिमेला आणि घाट पूर्वेला. म्हणजे पर्यटक कुठूनही आला तरी बहुतेक वेळा हायवे सोडून आडवा वळणार: तळेऱ्याहून विजयदुर्ग, नांदगावहून देवगड, कणकवलीहून आचरा, कसालहून मालवण, कुडाळहून मालवण नाहीतर वेंगुर्ला. सावंतवाडीचं मात्र बघा, हायवे आता झारापवरून बायपासनं पुढं जातो, त्यामुळं ज्याला मोती तलाव, लाकडी खेळणी किंवा आंबोली करायचीय तो बोलता बोलता थेट पत्रादेवीला गोव्याच्या हद्दीत. झारापच्या अलीकडं मोठा बोर्ड हवाच, त्यात वाद नाही.

आता मेन गोष्ट. बोर्ड ठिकाणापासून उलटे लावत या. म्हणजे तारकर्लीच्या किनाऱ्यावरून सुरुवात करायची आणि मागं हायवेकडं यायचं, वाटेत जिथं जिथं ड्रायव्हरला "आता डावीकडं की उजवीकडं" असा प्रश्न पडेल तिथं खूण करायची. आणि कसालला एकदा "तारकर्ली" लिहिलं की कट्टा, चौके, मालवणची वेस, प्रत्येक फाट्यावर ते नाव परत दिसलंच पाहिजे, मधेच गायब झालं की माणूस घाबरतो आणि गाडी वळवतो. साखळी पूर्ण करायला बजेट नसेल तर ते नाव हायवेवर लिहूच नका, नुसतं मालवण लिहा आणि तारकर्ली चौक्यापासून पुढं चालू करा. हे गावकऱ्यांना पटत नाही, प्रत्येक सरपंचाला आपल्या गावाचं नाव हायवेवर हवं असतं, तिथं थोडं वाईट व्हावं लागतं.

प्रत्येक महत्त्वाच्या वळणाला तीन बोर्ड धरा, एक वळणाच्या आधी, एक वळणावर, आणि एक वळून थोडं पुढं गेल्यावर नाव आणि किलोमीटर सांगणारा. हा तिसरा नेहमी कापला जातो, पैसे वाचवायला, आणि खरं तर रात्रीच्या अंधारात "बरोबर चाललोय" हा धीर तोच देतो.

एका बोर्डावर नावं किती? जास्तीत जास्त तीन. साधा हिशोब बघा, ताशी ६० च्या स्पीडनं गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. १५ सेंटीमीटर उंचीचं अक्षर धरून चला की ७५ मीटरवरून नीट वाचता येईल, म्हणजे हातात चार-साडेचार सेकंद, त्यातला शेवटचा एखादा सेकंद बोर्ड बाजूला निघून जातो म्हणून वाया. तेवढ्यात सात नावं, स्वागतोत्सुकांची यादी आणि मधे गणपतीचा फोटो कोण वाचणार? मराठीत वेलांट्या, रफार, जोडाक्षरं असतात त्यामुळं ओळींमधे जागा जास्त सोडायला सांगा, पेंटर चिकटवून टाकतात आणि "वेंगुर्ला"चा रफार वरच्या ओळीत घुसतो. रंगाचं ठरलेलं आहे, इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ६७ नावाचं कोड आहे त्यात, हायवेवर दिशाफलक हिरवा आणि पर्यटनस्थळासाठी तपकिरी, त्यामुळं भगवा की निळा यावर मीटिंग घालवू नका.

परवानगी रस्ता कुणाचा त्यावर. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडं, इतर जिल्हा मार्ग आणि गावातले रस्ते जिल्हा परिषदेकडं, राष्ट्रीय महामार्गाचं वेगळं ऑफिस. कुठला रस्ता काय आहे ते मैलाच्या दगडाच्या डोक्यावरून कळतं, पिवळा असेल तर राष्ट्रीय, हिरवा असेल तर राज्य. एकाच साखळीत तिघं येतात, म्हणून तिघांना एकच नकाशा आणि एकच यादी द्या, प्रत्येक जागेला नंबर घालून, नाहीतर एक खातं बोर्ड लावतं आणि पुढच्या फाट्यावर दुसऱ्या खात्याला पत्ताच नाही. पैशासाठी जिल्हा नियोजन समिती नाहीतर प्रादेशिक पर्यटन विकास योजना, आणि मागणी करताना देखभालीचे पैसे पण धरा.

कारण आपल्याकडं पाऊस आणि खारा वारा. साध्या लोखंडी पोलला किनाऱ्यालगत लवकर गंज धरतो, गॅल्वनाइज्ड पोल घ्या, वर रिफ्लेक्टिव्ह शीट. जागा पाहणी एकदा श्रावणात कराच, मे महिन्यात मोकळी दिसणारी कड तेव्हा रान आणि वेलींनी पूर्ण झाकलेली असते, आणि बोर्ड कुठं दिसणार नाही ते तेव्हाच कळतं. वाढदिवसाचे फ्लेक्स बारा महिने, त्यावर मला तरी उपाय सापडलेला नाही, फक्त पोल अशा ठिकाणी ठेवा की दोरी बांधायला शेजारी झाड नसेल.

लावून झालं की टेस्ट घ्या, जिल्ह्याबाहेरच्या कुणाला तरी गाडी चालवायला द्या, फोन काढून घ्या, तुम्ही मागं बसा आणि तोंड बंद ठेवा. तो जिथं ब्रेकवर पाय ठेवेल ती जागा लिहा. एकदा दिवसा आणि एकदा रात्री, आणि परतीचा प्रवास विसरू नका, कारण किनाऱ्यावरून हायवेला परत जायचे बोर्ड जवळजवळ कुणीच लावत नाही आणि रविवारी संध्याकाळी सगळे तेच शोधत असतात.