सेकंडहँड इंजिन गाडीत चढवण्याआधी पाण्याची गळती शोधा

जुन्या बाजारातून आणलेलं इंजिन जमिनीवर आहे तोवरच कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, गळती काढून टाका. एकदा ते बॉनेटखाली बसलं की मागची बाजू दिसतही नाही.

आधी कोरडे डाग बघा. वॉटर पंपाच्या खाली बारीक भोक असतं; तिथून हिरवा, गुलाबी किंवा पांढरट ओघळ आलेला असेल तर पंपाचं सील गेलंय. पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर बेल्ट आणि टेन्शनरही (बेल्ट ताणून धरणारी पुली) त्याच वेळी बदला.

खरी डोकेदुखी ब्लॉकमधल्या कोअर प्लगची, म्हणजे पत्र्याच्या गोल टोप्यांची. साधं पाणी भरून चालवलेल्या इंजिनात त्या आतून गंजतात, आणि एखादी नेमकी फ्लायव्हीलमागे, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकामागे, असते. एक कडा पंचाने आत ठोका, टोपी आडवी फिरली की पक्कडीने ओढा. खाच पॉलिश पेपरने घासा, सीलंटचा पातळ थर द्या आणि आत बसेल अशा सॉकेटने नवी टोपी सरळ ठोका. पितळेची मिळाली तर तीच घ्या.

मग होजची तोंडं बंद करून रेडिएटर टेस्टरने (दाबाचा काटा असलेला हातपंप) रेडिएटरच्या कॅपवर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्या, बहुधा 0.9 किंवा 1.1 बार. साबणाचं पाणी मारा, वीस मिनिटं काटा बघा. बाहेर बुडबुडा नाही पण काटा उतरतोय? मग संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे ब्लॉक आणि वरच्या हेडमधल्या सीलवर. रेडिएटरमध्ये ओतायची लीक बंद करणारी पावडर मात्र घेऊ नका, हीटरच्या बारीक नळ्या तिनेच तुंबतात.