सेल्फ, बॅटरी, चार्जिंग: गॅरेजच्या कामात नव्याने लागलेल्यांसाठी

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून जी मुलं-मुली आमच्या कोपरखैरणेच्या गॅरेजवर शिकायला येतात, त्यांना इंजिन खोलायची घाई असते. मी मात्र त्यांच्या हातात आधी मल्टिमीटर देतो. दुचाकीच्या कामात गिऱ्हाइकाचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते ‘सेल्फ घेत नाही, बॅटरी बदला’ या एका वाक्यात. पावसाळ्यात अशा तक्रारी वाढतात आणि प्रत्येकीला नवी बॅटरी हे उत्तर नसतं.

ऐरोलीहून एक काका गाडी घेऊन आले होते. दुसऱ्या एका गॅरेजने वर्षभरात दोनदा बॅटरी बदलून दिली होती आणि तिसरीही उतरली होती. बॅटरीत काहीच दोष नव्हता. रेग्युलेटरचा (बॅटरीला जाणारं चार्जिंग ताब्यात ठेवणारा भाग) कप्लर, म्हणजे वायरींचा जोड, काळा पडून वितळला होता, त्यामुळे इंजिन चालू असताना बॅटरीपर्यंत करंट पोचतच नव्हता. पंप बंद आहे आणि आपण गच्चीवरची टाकी बदलत बसलोय, असा तो प्रकार. दोष दिसतो बॅटरीवर, पण असतो कुठेही, म्हणून मीटर लावण्याआधी पाना उचलायचा नाही.

आधी गिऱ्हाइकाला विचारा. गाडी रोज किती चालते? रात्रभर उभी राहिल्यावर त्रास होतो की चालवून आल्यावरही होतो? जीपीएस, अलार्म, जादा लाइट असं बाहेरून काही बसवलंय का? आपल्याकडे खूप गाड्या फक्त घर ते स्टेशन चालतात. घणसोलीतून किंवा ठाण्यात वर्तकनगरहून निघायचं, दोन-तीन किलोमीटरवर स्टेशनच्या पार्किंगमध्ये दिवसभर उभी करायची, संध्याकाळी परत. दर वेळी सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं, तेवढं ट्रॅफिकमध्ये आयडलवर रांगत भरून येत नाही. अशी गाडी अगदी धडधाकट असूनही बॅटरी अर्धवट राहते आणि अर्धवट राहिलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी लवकर खराब होते. याला इलाज म्हणजे बाहेरून चार्जर लावून पूर्ण चार्ज करणं आणि आठवड्यातून एकदा गाडी लांब चालवायला सांगणं. चार्जरचा करंट बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या साधारण दहाव्या भागाइतका ठेवा. ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.४ अँपिअर पुरे. मोटारीचा मोठा चार्जर लावून अर्ध्या तासात उरकायला जाऊ नका, छोटी बॅटरी गरम होऊन फुगते.

आता मीटर. २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि गाडी बंद असताना थेट बॅटरीच्या टर्मिनलवर धरा. १२.६ ते १२.८ असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास साधारण अर्धी, १२ च्या खाली उतरलेली. गाडी नुकतीच चालून आली असेल तर वरवरचा चार्ज फसवतो, म्हणून इग्निशन ऑन करून थोडा वेळ इंडिकेटर चालवा, मग बंद करून मोजा. पण नुसत्या या आकड्यावर बॅटरी चांगली म्हणू नका.

खरी परीक्षा सेल्फ मारताना होते आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. मीटर टर्मिनलवरच ठेवा, एकाने सेल्फ दाबावा, दुसऱ्याने आकडा बघावा. तीन गोष्टी घडू शकतात.

आकडा १२.६ वरून धाडकन ७-८ वर आला, तर चार्ज करून पुन्हा बघा. पुन्हा तसाच पडला तर बॅटरी आतून गेलेली आहे. चांगली बॅटरी सेल्फच्या वेळी साधारण १० च्या खाली जाऊ नये.

आकडा ११ च्या वर टिकून आहे आणि सेल्फ रडत फिरतोय किंवा फिरतच नाही, तर बॅटरी निर्दोष आहे. करंट वाटेत अडतोय. रिलेचे (सेल्फ मोटरचा मोठा करंट जोडणारा स्विच) कॉन्टॅक्ट, जाड केबल, इंजिनची आर्थिंग, नाहीतर सेल्फ मोटरचे कार्बन. इथे व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट वाया जातात ते, मोजायची सवय लावा. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी सेल्फ मोटरच्या टर्मिनलवर आणि सेल्फ दाबा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर त्या वाटेतच कुठेतरी दोष आहे. तसंच बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये मोजा, इथे ०.२ च्या पुढे जाऊ नये. खाडीकाठच्या आपल्या दमट, खारट हवेत हिरवट मीठ धरलेलं आर्थिंग मी कितीतरी गाड्यांत पाहिलंय. घासून, घट्ट करून, वर थोडी पेट्रोलियम जेली लावली की गाडी सुरू.

आणि आकडा हललाच नाही, तर सेल्फपर्यंत काही जातच नाही. फ्यूज, किल स्विच, क्लच स्विच, स्टँड स्विच, न्यूट्रल हे क्रमाने बघा. क्लच लिव्हरखालचा छोटा स्विच पाण्याने गंजून गेलेला असतो आणि लोक त्यापायी बॅटरी बदलतात.

आवाजही ऐका. खट-खट-खट सलग वाजलं तर रिले ओढतोय, व्होल्टेज पडल्यामुळे सुटतोय, पुन्हा ओढतोय, म्हणजे बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. एकदाच खट वाजून शांत झालं तर रिलेचे कॉन्टॅक्ट किंवा मोटर. सेल्फ मोटर जोरात फिरते पण इंजिन हलत नाही, तर सेल्फची ताकद इंजिनला देणारा वन-वे क्लच बघा. इंजिन झोकात फिरतंय आणि तरीही चालू होत नाही, तर तो प्लग-पेट्रोलचा वेगळा विषय आहे. २०२० नंतरच्या बीएस-६ फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. इग्निशन ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाची गुणगुण ऐकू आली पाहिजे. बॅटरी अगदीच बसली असेल तर पंप आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नीट चालत नाहीत, मग धक्का मारूनही उपयोग नसतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांतले उस्तादांचे उपाय इथे लागू पडत नाहीत.

गाडी सुरू झाली की चार्जिंग. मीटर बॅटरीवरच राहू द्या, एक्सलेटर देऊन चार-पाच हजार आरपीएमला न्या. १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांत हेडलाइट इंजिनसोबत कायम चालू राहतो, म्हणून हा आकडा लाइट पेटलेला असतानाचाच घ्या. एक्सलेटर देऊनही १२.५ वर अडकला किंवा उतरत गेला तर चार्जिंग येत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय, बल्ब उडतील आणि बॅटरी फुगेल. आणि चार्जिंग तपासायला चालू गाडीची बॅटरी काढून बघायची जी जुनी पद्धत आहे, ती कुणी कितीही अनुभवी माणसाने सांगितली तरी करू नका. व्होल्टेज उसळतं आणि महागडा ईसीयू जळतो.

चार्जिंग येत नसेल तर आधी रेग्युलेटरचा कप्लर हातात घ्या. पिन काळ्या, प्लास्टिक पिवळं-तपकिरी, वास जळका असेल तर तिथेच थांबा, पिन आणि कप्लर नवे बसवा आणि पुन्हा मोजा. कप्लर ठीक असेल तर स्टेटरकडून, म्हणजे वीज तयार करणाऱ्या कॉइलकडून, येणारा कप्लर सोडा. बऱ्याच गाड्यांत तीन पिवळ्या वायरी असतात, पण रंग गाडीगणिक बदलतात, त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा जवळ ठेवा. गाडी चालू करून मीटर एसीवर ठेवा आणि दोन-दोन वायरींत मोजा. तिन्ही जोड्यांत आकडा सारखा हवा आणि आरपीएमबरोबर वाढत गेला पाहिजे. एक जोडी मागे पडली तर कॉइल गेली. गाडी बंद करून प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी बघा. बीप वाजला तर कॉइल बॉडीला लागलीय. स्टेटर ठीक आणि तरी बॅटरीला चार्जिंग नाही, तर रेग्युलेटर किंवा तिथून बॅटरीपर्यंतची वायर.

चार्जिंग येतंय, बॅटरी चांगली आहे, तरी दोन दिवस उभी राहिली की उतरते? बॅटरीचा निगेटिव्ह सोडून त्या वायरीत मीटर करंट मोजायला ठेवून सिरीजमध्ये लावा. चावी बंद असताना काही मिलिअँपिअरच जायला हवेत. जास्त जात असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडतो ती लाइन धरा. मीटर असा लावलेला असताना सेल्फ दाबू नका, मीटरचा फ्यूज उडतो. निगेटिव्ह नेहमी आधी काढा आणि शेवटी लावा, म्हणजे पाना फ्रेमला लागला तरी ठिणगी उडत नाही.

स्टेटर गेलाय हे मीटरने सिद्ध झाल्याशिवाय मॅग्नेटचं कव्हर (स्टेटर त्याच्या आत असतो) उघडू नका. बऱ्याच गाड्यांत मॅग्नेट ऑइलमध्ये असतं, म्हणजे ऑइल काढणं, नवीन गॅस्केट आणि गिऱ्हाइकाचा अर्धा दिवस. कॉइल बसवून झाल्यावर तोच मीटर तिथेच लावा, १४ च्या आसपास आकडा गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या आणि आधीचा व नंतरचा असे दोन्ही आकडे बिलावर लिहून द्या.