जर्मनीतले पहिले पंधरा दिवस: पैसे देऊन माणूस लावा, पण असा

दिवाळीत गावी आले की आर्णी, दारव्हा, दिग्रसकडच्या दोन-चार नर्सिंगच्या पोरी घरी येतातच. जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा झालेली असते, जर्मनीच्या हॉस्पिटलचं पत्र आलेलं असतं आणि प्रश्न एकच, तिथे उतरल्यावर आपलं कोण? मी सांगते, तिथला माहितगार माणूस पैसे देऊन लावा. परवा माय कापसाच्या वेचणीवरून येऊन ओसरीवर टेकली होती. ऐकून म्हणाली, "काहून व बाई, शिकल्या-सवरल्या पोरीले माणूस कायले लागते?" मी म्हटलं, "बाबाले नागपूरच्या मेडिकलले नेलं तवा खिडक्या दाखवाले मामाले कायले नेलं होतं?"

बी-टू तर माझंही झालं होतं. पण श्टुटगार्टजवळच्या गावात घरमालकाचा फोन आला आणि मला निम्मं कळेना. तिकडे श्वाबियन ही जर्मनची बोली बोलतात. पुस्तकातली मराठी शिकून आलेल्या माणसापुढे आपण वऱ्हाडी सुरू करावी, तसं झालं माझं.

आधी हॉस्पिटललाच विचारा. परदेशी नर्सेसची कागदपत्रं करून द्यायला बऱ्याच ठिकाणी माणूस नेमलेला असतो. तसा असेल तर बाहेर एक युरोही घालवू नका.

नसेल, तर माझी चूक करू नका. मी पहिल्या माणसाला २५० युरो आधीच दिले. आपल्याकडच्या तीन क्विंटल कापसाचे पैसे. तो एकदा भेटला, नंतर फोन उचलेना. दुसऱ्या वेळी पंधरा वर्षं तिथे राहिलेली एक केरळी बाई मिळाली, मी तिला चेची, म्हणजे ताई म्हणायचे. तिने स्वतःच वही काढली, कोणती कामं, कोणत्या तारखेला, किती पैसे, सगळं लिहिलं आणि २०० युरो तीन हप्त्यांत ठरवले. दर हप्त्याची पावती दिली. माणूस असाच निवडा. ओळखीच्या मराठी विद्यार्थ्याला रोख पैसे देऊन काम करून घ्यावंसं वाटेल, पण विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय स्वतंत्र धंदा करता येत नाही. तुमच्या दोन कामांपायी त्या पोराचा व्हिसा अडचणीत यायला नको.

वहीत पहिलं काम पत्त्याच्या नोंदणीचं, त्याला तिथे 'आनमेल्डुंग' म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेच्या कार्यालयात ती करायची असते. त्यासाठी तुम्ही तिथे राहता असं घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. हे पत्र मागून घेणं माहितगार माणसावर सोपवा, कारण इथेच बहुतेक जणी अडतात. अपॉइंटमेंट ऑनलाइन फुकट मिळते, तिचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

घर ताब्यात घेताना मात्र त्याला सोबत उभं करा. चेची भिंतीवरच्या ओरखड्यावर बोट ठेवायची, मी फोटो काढायचे, ती घरमालकाकडून कागदावर लिहून घ्यायची. विजेच्या मीटरचा आकडासुद्धा. घर सोडताना डिपॉझिट याच कागदावर अडतं किंवा सुटतं. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं, हीटिंग-पाण्याचा खर्च त्यात धरायचा नाही, आणि तीन हप्त्यांत देता येतं. घर न बघता पैसे पाठवायचे नाहीत, समोरचा कितीही गोड बोलो. घरमालकाने लावलेल्या दलालाचे पैसेही २०१५ पासून भाडेकरूवर टाकता येत नाहीत.

आता सगळ्यात बारीक गोष्ट. चेची एके दिवशी खाली गेली आणि टपालपेटी बघून म्हणाली, "तुझं नाव कुठे आहे?" पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. तिथे पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. नोंदणीनंतर टपालाने येणारं माझ्या करक्रमांकाचं पत्र तसंच परत गेलं होतं. क्रमांक नसल्याने पहिल्या पगारातून कर जास्त कापला गेला, जास्तीचे पैसे पुढे परत मिळाले, पण त्या महिन्यात मी पोळ्या मोजून खाल्ल्या. चेचीने पर्समधून पांढरी चिकटपट्टी काढली, मोठ्या अक्षरांत माझं आडनाव लिहिलं आणि पेटीवर, मग दाराच्या घंटीवर दाबून बसवलं. टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं पत्र आलं तर घाबरू नका, फसवणूक नाही ती. टीव्ही नसला तरी घरटी महिन्याला १८.३६ युरो भरावेच लागतात.

पासपोर्ट, बँकेचा पासवर्ड आणि सही या तीन गोष्टी मदतनिसाच्या हाती कधीच द्यायच्या नाहीत. त्याने भाषांतर करावं, बाजूला बसावं. बोलायचं तुम्हीच, अडखळत का होईना. पुढच्या वेळी तुम्हालाच एकटीने जायचं आहे.

आणि इथला एजंट वेगळा, तिथला मदतनीस वेगळा. परदेशात नोकरीला पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला हवा, ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर त्याचं नाव बघता येतं. त्याची सेवा फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याच्या वर घेता येत नाही. शेत गहाण टाकून लाखांनी पैसे भरायला निघालेल्या बापाला हे आधी दाखवा.

मदतनिसाचा शेवटचा हप्ता करक्रमांकाचं पत्र हाती पडल्यावरच द्या. नोंदणीनंतर त्याला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर ड्यूटीवरून आलं की आधी पेटी उघडायची, मग जिना चढायचा.