वर्डप्रेसवर मंडळाची कार्यक्रम पत्रिका चढवताना

पुण्यातल्या कितीतरी मंडळांचा आणि वाचनालयांचा मजकूर आधी छापायला जातो, वेबसाइटवर नंतर येतो. पहिली अडचण तिथेच येते. पत्रिका छपाईसाठी जुळवणाऱ्याकडची फाइल अनेकदा श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये असते. ही दोन्ही सॉफ्टवेअर पुण्यातलीच, पहिलं मॉड्युलर इन्फोटेकचं आणि दुसरं सी-डॅकचं. छपाईला ते फॉन्ट उत्तम, पण त्यांतली अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या सामाईक संकेतांत, नसतात. असा मजकूर वर्डप्रेसच्या, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, एडिटरमध्ये चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. वेबसाइटचा फॉन्ट बदलून ती सुटत नाही. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावाच लागतो.

त्यानंतर एकदा मोठ्याने वाचून काढा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं इथेच बिघडतात. ‘दुसऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांना’ यांतला ऱ्य खास तपासा. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, दिसतो मात्र सारखाच, त्यामुळे साइटवरच्या शोधात शब्द असूनही सापडत नाही. कीबोर्डवरच्या नुक्तावाल्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, ऱ पासून तो पुन्हा टाइप करा आणि सगळीकडे तोच ठेवा.

चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, म्हणजे वर्ड फाइलमधले रंग आणि आकार सोबत येत नाहीत. उपशीर्षकं नुसती ठळक करू नका, त्यांना हेडिंग ब्लॉक द्या.

आता लिंक. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्यावरूनच पत्ता बनवतं. पत्त्यात देवनागरीतला प्रत्येक वर्ण, म्हणजे काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा, 9 चिन्हं खातो आणि मर्यादा 200 चिन्हांची आहे. ‘गणेशोत्सव कार्यक्रम पत्रिका’ एवढं शीर्षकही त्यात मावत नाही. पत्ता ‘पत्र’पाशी तुटतो. शिवाय तो व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक ओळ दिसू शकते. म्हणून शीर्षक मराठीतच ठेवा, पण उजवीकडच्या पट्टीत पत्त्याचा तुकडा रोमन अक्षरांत, दोन-तीन शब्दांचा लिहा. हे प्रकाशित करण्याआधीच करा. पोस्टचा, म्हणजे तारखेनुसार येणाऱ्या नोंदीचा, पत्ता नंतर बदलला तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवून वाचकाला नव्यावर नेतं. पेजसाठी, म्हणजे कायम राहणाऱ्या पानासाठी, मात्र जुना पत्ता असा लक्षात ठेवला जात नाही, तिथे जुनी लिंक तुटण्याचीच शक्यता जास्त.

फोटो थेट फोनवरून चढवू नका. लांब बाजू 1600 पिक्सेल, जेपेगची गुणवत्ता 80 च्या आसपास, एवढं पुरतं. 2560 पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची वर्डप्रेस लहान प्रत करतं, पण मूळ फाइलही सर्व्हरवर जागा अडवून बसते. छापील पत्रिकेचा फोटो मजकुराऐवजी लावणं ही सगळ्यांत मोठी चूक. आरतीची वेळ गूगलला वाचता येईलच असं नाही, डोळ्यांनी अधू असलेल्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, अडतो आणि मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. पत्रिका हवीच असेल तर खाली पीडीएफ जोडा.

वेळ लावून पोस्ट प्रकाशित करायची असेल तर आधी सेटिंग्जमधल्या जनरलमध्ये टाइमझोन ‘कोलकाता’ आहे ना ते पाहा. यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, राहिलं तर सकाळी 7 साठी लावलेली सूचना दुपारी साडेबाराला उमटते. एरवी कमी वर्दळ असलेल्या साइटवर आणखी एक घोळ होतो. वर्डप्रेसचं घड्याळ कुणी साइट उघडली तरच चालतं, त्यामुळे वेळ उलटून जाते आणि पोस्ट तशीच पडून राहते. अशा वेळी होस्टिंगच्या पॅनेलमधून सर्व्हरचं क्रॉन जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावून घ्या.

बदल सेव्ह केल्यावर पान दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन न करता उघडा. जुनंच दिसत असेल तर कॅशे प्लगिनमधून कॅशे, म्हणजे पानाची साठवलेली जुनी प्रत, रिकामी करा. मजकूर बिघडला तर घाबरू नका, रिव्हिजनमधून आधीची प्रत परत आणता येते. कचऱ्यात टाकलेलं पेजही सहसा 30 दिवस तिथे राहतं. मीडिया लायब्ररीतून काढलेला फोटो मात्र कायमचा जातो आणि तो जिथे जिथे लावला होता तिथे रिकामी चौकट उरते.

पत्त्यात साल घालू नका. पुढच्या वर्षी याच पेजवर नवा कार्यक्रम लिहा, म्हणजे मांडवाबाहेरच्या फलकावर छापलेला क्यूआर कोड तोच चालेल.