'राशोमोन' पाहताना वही जवळ ठेवा

एका सामुराईच्या खुनाची हकिकत चार जण चार तऱ्हांनी सांगतात, तो अकिरा कुरोसावांचा १९५० सालचा जपानी चित्रपट 'राशोमोन' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी खुनी शोधत बसले आणि हाती काहीच लागलं नाही. आता कुणी विचारलं तर सांगते, खुनी सोडा. खोटं कुठे सुरू होतं ते शोधा.

चित्रपट ८८ मिनिटांचाच आहे, एका बैठकीत पाहा. वहीत चार रकाने आखा: डाकू, सामुराईची बायको, मृतात्म्याला बोलावणाऱ्या माध्यमाच्या तोंडून बोलणारा मेलेला सामुराई आणि लाकूडतोड्या. प्रत्येकाच्या जबानीत खंजिराचं काय होतं, एवढंच टिपा. शेवटी ही खंजिराची नोंद तुम्हाला गाठतेच.

साक्षीदार थेट आपल्याकडे बघून बोलतात. न्यायाधीश दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. ती जागा आपली आहे, हे मला फार उशिरा कळलं.

राशोमोन नावाच्या वेशीवरचा पाऊस नीट बघा. तो पडद्यावर उठून दिसावा म्हणून पाण्यात काळी शाई मिसळली होती. जंगलात छायाचित्रकार मियागावांनी कॅमेरा थेट सूर्यावर रोखलाय. १९५१ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात याच चित्रपटाला 'गोल्डन लायन' हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. एकाच घटनेच्या परस्परविरोधी हकिकतींना आज वकील आणि पत्रकारही 'राशोमोन इफेक्ट' म्हणतात, ते इथूनच.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा आवाज बंद करून फक्त सामुराईच्या बायकोचं काम करणाऱ्या माचिको क्योचा चेहरा बघा. जबानी बदलली की बाईच बदलते.