रस्सीखेचीचं खेळणं घेताना आधी शिवण बघा

दप्तरं आणि प्रवासी बॅगा दुरुस्त करण्यात माझी 22 वर्षं गेली. कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी ती उलटी करून शिवण बघते. खंड्या घरी आला (गावठी कुत्रा, वजन 18 किलो) तेव्हा नेमकी ही सवय विसरले. दोन्ही टोकांना गाठी मारलेलं रंगीत सुती दोरीचं खेळणं घेऊन आले. तीन दिवसांत गाठीचा पार पिंजलेला कापूस झाला. चौथ्या दिवशी खंड्या ओकला, त्यात वीतभर लांबीचे धागे.

धागे वर आले म्हणून बरं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला लगेच कळलं, कारण झालर करताना मी तेच करते: एक टोक धरून दोरा ओढला की कापडाच्या चुण्या पडतात. लांब धाग्याचं एक टोक पोटात अडकलं की आतड्याचं असंच होतं, वर धागा आतड्याला कापतो. मग ऑपरेशन. आणि शी करताना मागून धागा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच डॉक्टरांकडे न्यायचं.

तेव्हापासून ‘किती टिकेल’ याआधी मी ‘तुटलं तर त्यातलं काय पोटात जाईल’ हे बघते. कुत्र्याच्या दातांपुढे न तुटणारं काही नसतं, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

दुकानात खेळणं दोन्ही हातांनी ताणा. शिवणीच्या भोकांतून उजेड दिसला तर ठेवून द्या. मूठ जिथे जोडलेली असते तिथे एकेरी शिलाई पुरत नाही. दप्तराच्या पट्ट्याला असते तशी चौकोनात फुली हवी. मोकळी कापडी कड दिसली तर ती उसवणारच. आत शिट्टी असेल तर मी घेत नाही, कारण खंड्याचं सगळं लक्ष ती बाहेर काढण्यात जातं.

रबर असेल तर अंगठ्याचं नख रोवून बघा. नख जराही रुतलं नाही तर ते दातासाठी फार कडक, दाढेचा टवका उडू शकतो. वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या किंवा उग्र वास आला, तरी नको.

जाडी अशी असावी की अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात जेमतेम मावेल. बारीक दोरी हिरडीत रुतते. लांबी मात्र सढळ हवी. माझं खेळणं दोन फुटांचं आहे. आखूड असलं की कुत्रा पुढची पकड घ्यायला जातो आणि आपलं बोट सापडतं. त्याचा काही दोष नसतो.

घरी करायचं तर जुन्या फ्लीसच्या (मऊ, लोकरीसारख्या कृत्रिम कापडाच्या) ब्लँकेटच्या चार इंच रुंद, दीड मीटर लांब अशा चार पट्ट्या कापा आणि घट्ट चौपदरी वेणी घाला. फ्लीसची कड उसवत नाही, म्हणून तेच. जुने मोजे आणि ओढण्या देऊ नका. जुनी ओढणी कुठली आणि लग्नातली कुठली, हे त्याला कोण सांगणार?

पिल्लू असेल तर हात अगदी सैल ठेवा. साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात. फ्लीसवर रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नका, पण त्या दिवशी खेळ बंद.

खेळताना खेळणं जमिनीलगत आणि डावी-उजवीकडे हलवा. वर उचलून झटके दिले की मान आणि पाठीच्या मणक्यांवर ताण येतो. खंड्याला दाताने लोंबकळायला फार आवडतं, पण मी ते करू देत नाही. मध्येच थांबून ‘सोड’ म्हणायचं, सोडलं की लगेच पुन्हा खेळ सुरू. सोडलं की खेळ संपतो असं वाटलं तर तो कशाला सोडेल?

सगळ्यात महत्त्वाचं, खेळ संपला की खेळणं खुंटीवर. हे चघळायचं खेळणं नव्हे, एकटा बसला की तो सुटे धागे उपसत राहतो. टांगण्याआधी मी त्यावरून तळहात फिरवते. एखादा धागा निघालेला असला तर मुळाशी कापते, शिवण उसवली असेल तर खेळणं थेट कचऱ्यात. बॅगा दुरुस्त करणारी असून हे मात्र मी पुन्हा शिवत नाही.